ताजा की शिळा

सरांच्या घरात शिरताना दोन नियम होते. चपला बाहेर काढायच्या आणि खोडरबर डब्यात टाकायचं. चपलांच्या बाबतीत ते थोडीफार सूट देत, रबराच्या बाबतीत अजिबात नाही. दाराशी एका स्टुलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असे. येताना त्यात रबर टाकायचं, जाताना आपापलं उचलायचं. एकदा एका मुलीने पेन्सिलीच्या शेंडीला असलेलं रबर तसंच आत नेलं. सरांनी तिच्याकडून पेन्सिल मागून घेतली, ब्लेडने ती शेंडी कापली, डब्यात टाकली आणि पेन्सिल परत करत म्हणाले, "जाताना आठवणीने घेऊन जा हां. तुझं आहे ते."

"चूक खोडायची नाही," ते सांगत. "चुकीच्या रेघेशेजारी बरोबर रेघ काढायची. दोन्ही राहू द्यायच्या. कुठून कुठे आलीस ते उद्या तुझं तुलाच कळेल."

एवढं ऐकून कुणालाही वाटेल की हे चित्रकलेचे सर असणार. पण ते जीवशास्त्र शिकवायचे, आणि आम्ही सगळे तिथे डॉक्टर व्हायला गेलो होतो.

माझं डॉक्टर होणं तर आमच्या दारावरच लिहिलेलं होतं. म्हणजे लिहायचं बाकी होतं. मी दहावीत असताना आम्ही वसईतल्या आताच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा बाबांनी दारावर तिघांच्या नावांची पाटी लावली. माझ्या नावाआधी त्यांनी बरोबर 'डॉ.' मावेल एवढी जागा मोकळी सोडून घेतली होती. पाहुणे विचारत, "ही जागा कसली?" मग बाबा नुसते हसत आणि माझ्याकडे बघत. रोज शाळेतून, पुढे कॉलेजातून घरी येताना मी ती मोकळी जागा बघतच कुलूप उघडायचे.

बारावीनंतर नीटच्या परीक्षेत मी सपाटून मार खाल्ला. तेव्हा मी स्टेशनजवळच्या एका झगमगीत एसी क्लासात जात होते. एक वर्ष थांबून परत बसायचं ठरलं. आईच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने सांगितलं, "पापडीला एक सर आहेत. कॉलेजातून रिटायर झालेत. बायॉलॉजी तोंडपाठ करून घेतात." त्या बाईंना हे कुणी सांगितलं होतं देव जाणे. सरांना पाठांतराचा एवढा तिटकारा होता की कुणी भडाभडा व्याख्या म्हणायला लागलं की ते कानांत बोटं घालत.

सर उंच आणि वाळलेले होते. घरात हाफ पँट आणि वर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. शर्टाच्या खिशात भिंग. हे भिंग रविवारी चर्चमध्ये मिस्सालाही बरोबर जाई. आंटी, म्हणजे सरांच्या बायको, सांगायच्या की एकदा मिस्सा संपल्यावर सर सरळ वेदीपाशी गेले आणि तिथल्या फुलांवर भिंग धरून उभे राहिले. फादरांनी विचारलं, "काय झालं?" सर म्हणाले, "किडा आहे. फादर, तुमच्या प्रवचनात हा एकटाच जागा होता." पुढचे दोन रविवार आंटी त्यांच्या शेजारी बसल्या नाहीत.

पापडीच्या नाक्यावर भर सकाळी स्कूटर आडवी लावून उभे राहिलेले सर मी स्वतः पाहिलेत. मागे रिक्षांची रांग लागली होती, भोंगे वाजत होते. एक रिक्षावाला खाली उतरून ओरडला, "काका, क्या हुआ? गाडी बंद पडली काय?"

"गोगलगाय जातेय," सर म्हणाले. "तुला घाई आहे, तिला नाही."

गोगलगाय पलीकडच्या कुंपणात शिरेपर्यंत ते हलले नाहीत. शेवटी तो रिक्षावालाही खाली वाकून तिच्याकडे बघायला लागला.

आमची नावं सरांच्या लक्षात राहत नसत, किंवा ते तसं दाखवत. जिने जो अवयव चुकवला, तेच तिचं नाव. पहिल्याच दिवशी मी यकृत डाव्या बाजूला काढलं आणि त्यानंतर कायमची 'यकृत' झाले. गोखिवऱ्याहून येणारी माझी मैत्रीण 'अपेंडिक्स' होती. "यकृत, जरा सरक. अपेंडिक्सला उजेड येऊ दे," असलं बोलणं बाहेरच्या माणसाने ऐकलं असतं, तर त्याला काय वाटलं असतं कोण जाणे.

त्यांची शिकवण्याची रीत एकच. आधी वस्तू समोर ठेवायची, ती बघून काढायची, मग पुस्तक उघडायचं. मागच्या बागेतली जास्वंद, केळफूल, पानवेलीचं पान, मेलेला नाकतोडा आणि दर शनिवारी एक मासा. आता परीक्षेत आकृती काढायचीच नसते. चार पर्याय असतात आणि एक गोळा काळा करायचा असतो. पालक येऊन हे सरांना समजावून सांगत. सर शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "गोळा काळा करायला मी कशाला पाहिजे? ते कोणीही शिकवेल. मी बघायला शिकवतो." पंधरवड्याला एकदोघं क्लास सोडत. आम्ही मोजून आठ जणं उरलो.

शनिवारच्या माशाचा मात्र सोहळा असे. चित्रं झाली की सर स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारत. आंटी पदराला हात पुसत बाहेर येत, एकेक कागद हातात धरत आणि सर गंभीरपणे विचारत, "बोल. ताजा की शिळा?"

आंटींनी उभा जन्म पाचूबंदरचे मासे पारखून घेतले होते. कोळणी त्यांना टोपलीतला वरचा मासा दाखवतच नसत, एकदम तळातला काढत. मासा बघावा तसंच त्या आमचं चित्र बघायच्या. डोळा, कल्ला, पोट. मग निकाल. "शिळा. हा माझ्या मांजरालापण नको." किंवा क्वचित कधीतरी, "हं. ताजा." ज्याचा मासा ताजा निघे, तो दिवसभर तरंगत असे. सर स्वतः चांगलं-वाईट काही म्हणत नसत. आम्हाला वाटायचं, आंटींचा 'ताजा' म्हणजेच सरांची शाबासकी.

आणि सरांना फार राग आला किंवा फार आनंद झाला, की ते न बोलता उठत आणि मागे जाऊन केळींना पाणी घालत. भर पावसातसुद्धा. आभाळ फाटल्यासारखं कोसळतंय आणि हा माणूस बादली घेऊन केळींना पाणी घालतोय, हे दृश्य पापडीकरांच्या सवयीचं होतं.

त्या वर्षी डिसेंबरात एकदा मी जास्वंद काढायला बसले. मान वर केली तेव्हा ओटीवर कुणीच नव्हतं, सगळे केव्हाच घरी गेले होते. आंटी चहा घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "पोरी, घरी कोण वाट बघत नाही काय?" चहा पिताना माझ्या लक्षात आलं की गेले तीन तास मी सुखात होते. दोन वर्षांत पहिल्यांदाच. फुलाच्या कुठल्या भागाचं काम काय, हा प्रश्न मला त्या तीन तासांत एकदाही पडला नव्हता. पाकळी कडेला मुडपते तिथे सावली कशी पडते, एवढंच मी बघत होते. मला एकदम भीती वाटली. कारण आता काय करायचंय ते मला कळलं होतं, आणि दारावरची ती मोकळी जागा डोळ्यांपुढून हलत नव्हती.

आईला सांगून मी मुंबईच्या एका कलामहाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसले. बाबांना सांगायची हिंमत आम्हा दोघींपैकी एकीलाही झाली नाही. नीटची परीक्षाही दिली. आणि गंमत बघा, ती बरी गेली! एकदा हाताने काढलेली गोष्ट डोक्यातून जात नाही, हे सरांचं म्हणणं खरं ठरलं. एमबीबीएस नाही, पण दातांच्या कॉलेजात नक्की नंबर लागेल एवढे मार्क पडले. दात काय नि हृदय काय, पाटीवर 'डॉ.' तर येणार होतं. बाबांनी ऑफिसात पेढे वाटले. त्याच आठवड्यात कलामहाविद्यालयाच्या यादीतही माझं नाव लागलं. दोन्हीकडे सोमवारी कागदपत्रं द्यायची होती. आणि बारावीचा मूळ दाखला एकच असतो. तो बाबांच्या ऑफिसच्या बॅगेत होता.

परीक्षा संपली तरी मी पापडीला जातच होते; बाकीचे सातही शनिवारी येत. जुलै चालू होता, मासेमारीला बंदी होती. शनिवारी पाचूबंदरची कोळीण दाराशी आली, ती एकच पापलेट घेऊन.

"ताजा नाय काय?" सरांनी विचारलं.

"मास्तर, बोटी काठाला लागल्यात. ताजा कुठून आनू? ह्यो बर्फातला घ्या नायतर ऱ्हाऊ द्या."

आंटींनी त्या माशाकडे एकदाच बघितलं आणि आत निघून गेल्या. सरांनी तो घेतला आणि आमच्यापुढे ठेवला.

इतर सात जणांनी झकास मासे काढले. टपोरे, चमकदार डोळे. 'ताजा' ऐकायचं असेल तर डोळा कसा काढायचा हे एव्हाना सगळ्यांनाच माहीत होतं, मलाही. डोळ्यात पांढरा ठिपका सोडायचा की काम झालं. मी पेन्सिल तिथवर नेलीसुद्धा. पण समोरच्या माशाच्या डोळ्यात तो ठिपका नव्हता. डोळा आत गेला होता, दुधासारखा गढूळ झाला होता. पोटाजवळची कातडी सैल पडली होती. काय करणार? जे होतं ते काढलं.

आंटींनी सात वेळा 'ताजा' म्हटलं. माझ्या चित्राशी थांबल्या आणि नाक मुरडून म्हणाल्या, "शिळा. दोन दिवसांचा."

सगळे खो खो हसले. सरांनी माझा कागद त्यांच्या हातातून काढून घेतला, आत नेला आणि बादली उचलून पावसात गेले. ते माझ्यावर चिडलेत अशी माझी खात्री झाली. ज्याच्या भरवशावर मी बाबांशी भांडणार होते तेच मला येत नाही, असं वाटून मी घरी येईपर्यंत रडत होते.

बाबांनी रडका चेहरा बघितला आणि विचारलं, "परीक्षा कधीच झाली ना? मग रोज पापडीला कशाला जातेस?" मग मी सगळं सांगून टाकलं. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "उद्या मला तुझ्या त्या सरांना भेटायचंय."

बाबा मूळचे देवगडकडचे. बंदीमुळे महिनाभर पोटात चांगला मासा नाही, त्यात मुलीने हे असलं काढलेलं. रविवारी बॅग काखेला मारून ते सरांच्या ओटीवर चढले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"यकृताचे वडील ना? या, या," सर म्हणाले.

"कोणाचे?"

"बाबा, ते मी," मी पुटपुटले.

बाबा खुर्चीत टेकले. "सर, मी मुलीला तुमच्याकडे डॉक्टर व्हायला पाठवली होती. डेंटलला नंबर लागतोय तिचा. हाताशी आलेली सीट सोडून ही चित्रं काढत बसणार म्हणते. तुम्हीच समजवा."

सर उठले. भिंतीवरच्या मरियामातेच्या तसबिरीखाली एक खण होता. तो उघडून त्यांनी एक कागद काढला आणि बाबांच्या पुढे धरला.

"तुम्ही कोकणातले ना? जरा बघा. ताजा की शिळा?"

बाबांना वाटलं, आपली थट्टा चाललीय. त्यांनी रागाने कागद घेतला. मग त्यांची नजर त्यावर पडली. खिशातून चष्मा काढला, कागद उजेडाकडे धरला. गावची बोली तोंडून केव्हा सुटली ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"ह्यो खंयचो ताजो? बर्फातलो आसा. डोळो आत गेलो हा. पोट बघा, सुटला. दोन दिवस तरी झाले ह्येका."

सरांनी आत हाक मारली, "किती दिवसांचा होता गं कालचा मासा?"

"दोन!" आतून आंटी कडाडल्या. "मी घेतच नव्हते, तुम्हीच घेतलात!"

बाबांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा कागदाकडे. "कोणी काढलंय हे?"

सरांनी हनुवटीने माझ्याकडे खूण केली.

"काल आठ जणांनी हाच मासा काढला," सर म्हणाले. "सात जणांनी तो ताजा करून टाकला. ताजा म्हटलं की मी खूश होतो, असं वाटतं त्यांना. हिलाही ते माहीत होतं. तरी हिने शिळा मासा शिळा काढला." मग म्हणाले, "डेंटिस्ट झाली तरी चांगलीच होईल. दात बघून खरं ते सांगेल. तुमचं तुम्ही ठरवा."

आता माझी पाळी होती. मी बाबांकडे वळले. "बाबा, डॉक्टर व्हायलाही मला जमेल. जमत नाही म्हणून मी पळत नाहीये. मला हे करायचंय."

बाबा कागद खाली ठेवायला तयार नव्हते. तसेच म्हणाले, "तयारीत तीन वर्षं गेली हो, सर. ती काय पुसून टाकायची?"

"पुसायची कशाला?" सर म्हणाले. "दाराशी डबा नाही बघितला?"

आणि उठून, बादली घेऊन, धो धो पावसात केळींकडे चालते झाले.

बाबा खिडकीतून बघत राहिले. "हे काय करतायत?"

"केळींना पाणी घालतायत."

"पावसात?"

"हो."

बाबांच्या ओठांच्या कडा हलल्या, आणि मग ते मोठ्याने हसले. कालपासून पहिल्यांदाच. हसता हसता त्यांनी बॅगेची चेन उघडली आणि माझा दाखला काढून माझ्या मांडीवर ठेवला. "सोमवारी रजा टाकतो मी," ते म्हणाले. "एवढ्या महत्त्वाच्या कागदाबरोबर तुला एकटीला सोडायचा नाही."

त्या क्षणी मला जो आनंद झाला, तसा पुढे कुठल्याही बक्षिसाने झाला नाही. मी तशीच अनवाणी बाहेर पळाले आणि सरांच्या हातातली बादली घेऊन केळींना पाणी घालायला लागले.

प्रवेश झाला त्या रविवारी बाबा पाटीसाठी ऑइलपेंटच्या दोन डब्या आणि बारीक ब्रश घेऊन आले. "ती जागा अशी रिकामी बरी दिसत नाही," म्हणाले. मी तिथे एक छोटं पापलेट काढलं. "दारावरचा तरी ताजा काढ हां," असं ते मागे उभं राहून सारखं बजावत होते.

सरांकडचं जाणं चार वर्षं चालूच राहिलं. अपेंडिक्स दुसऱ्या वेळी एमबीबीएसला लागली. ती सुट्टीला आली की आम्ही दोघी ओटीवर बसायचो आणि आमची रबरं अजूनही डब्यात जात.

यंदा आमच्या शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन झालं. मी कोळशात एकच मोठं चित्र केलं होतं, दारापेक्षा उंच. सरांचं. हाफ पँट, इस्त्रीचा शर्ट, वाकलेली पाठ, मानेवरच्या सुरकुत्या, पिंढरीवरच्या फुगलेल्या शिरा, दाढीचे चुकलेले खुंट, डोळ्याला लावलेलं भिंग. चुकलेली एकही रेघ पुसली नव्हती, शेजारी बरोबर रेघ होती. त्या चित्राला वर्षातलं पहिलं बक्षीस मिळालं. आईबाबा सरांना आणि आंटींना घेऊन वसईहून आले. सरांनी त्या दिवशी फुल पँट घातली होती.

सर चित्रापुढे उभे राहिले. खिशातलं भिंग काढलं आणि पायांपासून वर बघत गेले. हॉलमधली माणसं त्यांच्याकडे आणि चित्राकडे आळीपाळीने बघायला लागली. मला घाम फुटला होता. शेवटी सरांनी मान वळवली आणि भरल्या हॉलमध्ये नेहमीच्याच आवाजात विचारलं, "बोल. ताजा की शिळा?"

आंटी पुढे झाल्या. चित्राकडे बघितलं. डोळा, गाल, पोट. मग नवऱ्याकडे बघितलं. परत चित्राकडे.

"शिळा," त्या म्हणाल्या. "जसा आहे तस्साच."

सगळ्यांत आधी हसले ते बाबा. त्याचा अर्थ न कळलेले लोकही मग हसायला लागले, माझे प्राध्यापकसुद्धा. मी सरांकडे बघितलं. ते हसत नव्हते. त्यांनी आंटींच्या पिशवीतली पाण्याची बाटली घेतली, हॉलच्या कोपऱ्यात गेले, तिथल्या मोठ्या कुंडीपाशी वाकले आणि अख्खी बाटली त्या झाडाला घातली.

झाड प्लास्टिकचं होतं. जन्मभर आम्हाला 'आधी बघ' म्हणणाऱ्या सरांना त्या दिवशी ते दिसलं नाही.